पहिलं पाणी दुसऱ्याचं

“भांडं हातात दे. वरनं ओतू नको गो.” सासूबाईंचा आवाज. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आवाज आला तो पुण्यात, मुलाच्या सतराव्या मजल्यावरच्या घराबाहेर, सकाळी अकराच्या सुमाराला. माझ्या हातात पितळी पेला होता, काठोकाठ भरलेला. समोर मजला पुसणारी बाई उकिडवी बसली होती, दांड्याचं फडकं भिंतीला टेकवून, आणि तिनं माझ्यापुढे ओंजळ धरली होती. “अहो, पेला घ्या ना,” मी म्हटलं. ती म्हणाली, “नगं मावशी, वरूनच ओता. तिकडं वर कॅमेरा हाय. कुणाच्या घरातलं कायबी हातात दिसलं की सुपरवायझर इचारतो, हे कुठनं आणलंस.” हे तिनं हसत सांगितलं, बाजारात आज भाजी चांगली नव्हती असं सांगावं तसं. ओंजळ मात्र हलली नाही. करंगळ्या एकमेकींना घट्ट लागलेल्या, फिनेलनं पांढरी पडलेली बोटांची टोकं, मनगटं किंचित वर. मी त्या ओंजळीकडे बघत राहिले. माणसाकडे हे भांडं भांडी घडायच्या आधीपासून आहे, आणि इतक्या वर्षांत त्याचा आकार बदललेला नाही. मी पेला कलता केला, पाणी काठाशी आलं, थरथरलं, आणि माझा हात तिथेच थांबला. ओतवेना. “थांबा हं,” म्हणून मी आत गेले. कशाला गेले ते मला आजही सांगता येणार नाही. ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा फरशी अर्धी वाळली होती आणि लिफ्टचे आकडे उतरत होते, नऊ, आठ, सात. त्या दिवशी ती माझ्या दारातून तहानलेली गेली.

आमच्या घरचा नेम साधा आहे. पहाटे उठून अंघोळ, तथागतांपुढे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती, त्रिशरण, पंचशील. मग पडवीतला रांजण घासून भरायचा, आणि बाहेरचं कुणी त्यातलं पाणी प्यायल्याशिवाय आपण दिवसाचं पहिलं पाणी प्यायचं नाही. घरचं माणूस त्यात धरायचं नाही. हा नेम कुठल्या ग्रंथात नाही. तो सासूबाईंचा, आवडीबाईंचा. त्यांचे वडील महाडला हजारो माणसांबरोबर चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले होते, पाण्यात हात घातला होता, प्यायले होते. घरी आले ते दोन दिवस नुसते आपल्या तळहाताकडे बघत बसले. सासूबाई हे सांगायच्या तेव्हा त्यांचाही हात नकळत उलटा होऊन मांडीवर पडायचा. पण तळ्यावरून माणसं गावात परतली तेव्हा गावची विहीर होती तिथेच होती. “तळ्याचं पानी बापानं प्यालं, पर माझी ओंजळ सुटली नाय,” त्या म्हणायच्या. सात वर्षांची पोर, डोक्यावर गवताचा भारा, कुणाच्या तरी अंगणाच्या कडेला उभी. देणारी बाई हात इतका उंच धरायची की पाणी ओंजळीत कमी आणि मनगटांवरून कोपरांपर्यंत जास्त. “तहान नाय भागायची गो. अंग भिजायचं.” पुढे रस्त्याच्या कडेला स्वतःचं घर बांधलं तेव्हा दाराची चौकट बसायच्या आधी त्यांनी रांजण आणून ठेवला आणि वर हा पितळी पेला पालथा घातला. मी लग्न होऊन आले, शिकलेली, शाळेत नोकरी लागलेली. मला हा सगळा हट्ट वाटायचा. पहिल्या वर्षी मी मोरीत जाऊन चोरून पाणी प्यायले आहे. त्यांना कळलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी मला दोनदा विचारलं, “तहान लागली का गो?” आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं.

आमचं घर पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाट चढायच्या आधीच्या सपाटीवर. घाटाच्या तोंडाशी ट्रक थांबायचे, इंजिन निवेपर्यंत ड्रायव्हर हातपाय मोकळे करायचे, रांजणाशी यायचे. त्याच्याही आधी महाडच्या एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीची माणसं मोटारसायकली थांबवून घोटभर घ्यायची. सव्वासहाच्या पुढे माझा घसा कधी कोरडा राहिला नाही. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, तहानलेली एक दिवसही गेले नाही. मग रस्ता रुंद झाला. पडवी त्यात गेली, रांजण मागे फणसाखाली आला. मग बोगदा सुरू झाला आणि गाड्या शीळ घालत सरळ डोंगरात शिरायला लागल्या. एवढा डोंगर, त्याच्या पोटातून माणसं चार मिनिटांत पलीकडे. मी पहिल्यांदा त्यातून गेले तेव्हा हात जोडून बसले होते. पण थांबायचं कुणालाच कारण उरलं नाही. शेजारचे हैबतीबुवा मुद्दाम काठी टेकत यायचे, पेला रिकामा करायचे आणि म्हणायचे, “बाई, तुमच्या नेमापायी मला घटकेघटकेला आडोशाला जावं लागतंय. पुण्य तुमच्या नावावर आनि धावपल माझी.” मागच्या दिवाळीत त्यांचा मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला. त्यानंतर दुपारचे बारा वाजायचे, एक वाजायचा, जीभ टाळूला चिकटायची, आणि मी फणसाखाली बसून रस्त्याकडे बघत असायचे. मागची भिंतही तडकली. हे गेल्यापासून मी एकटी. मुलांनी जे म्हणायचं ते म्हटलंच.

बुद्धरत्न पुण्याला कंपनीत, तेजश्री गुहागरला सरकारी दवाखान्यात नर्स. बुद्धरत्ननं ठरवलं, आई एक महिना ताईकडे राहील, एक महिना माझ्याकडे, मग सांगेल. त्यानं मोबाइलवर रकाने केले होते. हवा, दवाखाना, जिने, सोबत, माझे गुडघे, सगळ्याला गुण. “पुणे सात, गुहागर साडेसहा,” तो म्हणाला. “आई, तुझा रांजण कुठल्या रकान्यात टाकू तेवढं सांग.” मी म्हटलं, टाकू नकोस, बाहेरच राहू दे. वैशाखी पौर्णिमेपर्यंत उत्तर द्यायचं होतं. त्यानंतर घर रिकामं करायचं.

आधी गुहागरला गेले. तेजूचं भाड्याचं घर सुपारीच्या वाडीत, पुढे अंगण, अंगणाला लागून पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट. पहिल्याच सकाळी मी पायरीवर कळशी आणि पेला ठेवला. साडेसहाच्या आत मासळीची पाटी घेऊन जाणारी बाई थांबली, पेला तोंडाला लावून प्यायली, विसळून पालथा घातला, “बरं वाटलं हो,” म्हणून गेली. रोज कुणी ना कुणी. नेम असा अलगद पार पडायचा की तो नेम आहे हेच मी विसरायला लागले. मग मी समुद्रावर जायचे. माझा जन्म महाडच्या बाजूचा. आमचं पाणी काठांमध्ये बसलेलं असतं. सावित्री म्हटली तरी पलीकडे माणूस दिसतो, त्याला हाक घालता येते. इथे माझी नजर पलीकडचा काठ शोधत पुढे गेली आणि परत आलीच नाही. वाळू ओली, आभाळ अजून राखाडी, लाट येऊन पावलांभोवती वळायची आणि टाचेखालची वाळू घेऊन जायची, जणू जमीन माझ्याखालून कुणी हळूच काढतं आहे आणि तरी मी पडत नाही. एवढं पाणी, आणि त्याला भांडं नाही. कुणी द्यायचं नाही, कुणी मागायचं नाही, हात किती उंच धरायचा हा प्रश्न नाही. माझ्या तोंडून वंदना आपोआप सुरू व्हायची आणि मध्येच थांबायची, शब्द विसरून नाही, शब्दांची गरज न वाटून. मला तिथे राहायचं होतं. हे मी स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मला समुद्र आवडला नाही.

पण बाजारात गेले की मी बायकांच्या हातांकडे बघायचे. कोकमं मोजणाऱ्या, कोयतीवर मासे कापणाऱ्या, एसटीच्या दांडीला धरलेल्या हातांकडे. तेजू म्हणाली, “आई, किती टक लावून बघतेस. लोकांना तू बांगड्या भरणारी वाटशील.” मी हसले. तेजूला मी कधी सांगितलं नव्हतं. टाळेबंदीतला वैशाख. रस्त्यानं माणसं चालत होती, मुंबईहून कोकणात, डोक्यावर बोचकी, गाड्यांचा आवाज नाही, फक्त पावलांचा. गावानं सांगितलं रांजण आत घ्या, मी घेतला. आत हे दम्यानं पलंगाला टेकून बसलेले, प्रत्येक श्वास शीळ घालत. दुपारी एक बाई पायरीपाशी आली. तोंडावर पदर घट्ट बांधलेला, फक्त डोळे. “पानी मिलंल का गो?” मी हाच पेला भरून आणला. तिनं हात पुढे केला, तिची बोटं पेल्याला लागणार, एवढ्यात मी तो मागे ओढला. विचार करून नाही. विस्तवापासून हात मागे यावा तसा. आणि माझ्याच तोंडून शब्द निघाले, “ओंजळ करा.” तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खाली बसली, पाठ वळवून पदर सैल केला, तोंड खाली घालून ओंजळ माझ्याकडे केली. मी वरून ओतलं. हात उंच धरला होता मी. पाणी तिच्या मनगटांवरून कोपरांपर्यंत गेलं, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा एक पांढरा डाग होता तो भिजून चमकला, ओंजळीत क्षणभर सूर्य पडला, आणि मी इतकी घाबरलेली असूनही मला वाटलं, केवढं सुंदर आहे हे, आणि हे मी काय करते आहे. चार ओंजळी प्यायली. ती उठली तेव्हा मी म्हटलं, “परत जाताना थांबा. तेव्हा भांडं हातात देईन.” “देशील गो,” ती म्हणाली, रागानं नाही. “अजून गुहागर गाठायचंय.” घाटाच्या वळणापर्यंत ती दिसत होती. दिवसाचं पहिलं पाणी बाहेरच्या माणसानं प्यायलं होतं, नेम पुरा झाला होता, मी आत जाऊन पाणी प्यायले. ते अजून घशाखाली गेलेलं नाही असं मला वाटतं. पुढच्या वर्षी हे गेलेच. त्यांच्यासाठी मी हात मागे घेतला होता. ती बाई परत आली की नाही, मला माहीत नाही. तिचा चेहरा मी पाहिलेला नाही. गुहागरच्या बाजारात ती माझ्या शेजारी उभी राहून वांगी निवडत असली तरी मला कळलं नसतं.

मग पुणे. पुण्यालाही मी थक्क झाले, तो मोठेपणा त्याला द्यायला हवा. संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं की समोर दिवे लागत जायचे, खिडकीमागून खिडकी, इमारतीमागून इमारत, आणि प्रत्येक दिव्यामागे एक माठ किंवा यंत्र, एक पेला, कुणीतरी प्यायलेलं किंवा प्यायचं राहिलेलं. पाणी टँकरनं येतं, जमिनीखालच्या टाकीत पडतं, मग सतरा मजले चढून माझ्या नळाला येतं. घाट चढताना ट्रकला धाप लागते, हे पाणी न बोलता चढतं. पण दारावरून कुणी जात नाही. पहिल्या दिवशी दहा वाजले, मी कोरडी. बुद्धरत्न कामाला बसता बसता म्हणाला, “आण, मी पितो, संपलं.” घरचं माणूस चालत नाही म्हटल्यावर सून राजश्री हसून म्हणाली, “आई, तुमच्यासाठी आता बाहेरून तहान मागवायला हवी. पंधरा मिनिटांत आणून देतात सगळं.” तिनं स्वतः खाली फोन केला, वॉचमन पार्सल घेऊन वर आला, त्यानं आपली बाटली भरून घेतली आणि दोन घोट प्यायला. असे दिवस चालले होते. मग तो अकराचा प्रसंग, ती ओंजळ. ती गेल्यावर मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाणी घेतलं नाही. टाळेबंदीत वरून ओतलं ती एक चूक. ओतलं नाही ही दुसरी. पुढे काय करायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेला झाकून मी जिन्यानं एकेक मजला उतरत तिला शोधत गेले. अकराव्या मजल्याच्या वळणावर ती सापडली. नाव सरिता, धाराशिवकडची. “काल तुम्ही पाणी न पिता गेलात, म्हणून मीही प्यायले नाही,” मी सांगितलं. ती बघतच राहिली. “माझ्यापायी? येडं का काय, मावशी.” मग म्हणाली, “हितं जिन्यात कॅमेरा न्हाई. आणा.” पेला तिनं हातात घेतला. मला वाटलं, झालं, सुटले मी. पण ती भिंतीकडे तोंड करून प्यायली, घाईघाईनं, एकदा वरच्या वळणाकडे बघत, एकदा खालच्या, आणि पेला मला असा परत दिला की तो कधी तिच्याकडे नव्हताच. त्या क्षणी मला पायऱ्या दिसल्या, या नाही, महाडच्या. सासूबाईंच्या वडिलांना पाणी चोरून कुठेही पिता आलं असतं, रात्रीच्या अंधारात विहिरीवरसुद्धा. ती सगळी माणसं तळ्यावर दिवसाढवळ्या गेली होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं, “सरिताबाई, मी गावी जाऊन येते. आले की पेला तुमच्या हातात देईन. तिथेच, कॅमेऱ्याखाली. कुणी विचारलं तर मी उत्तर देईन.” मी इतक्या हळू बोलले की तिला पुढे वाकावं लागलं. ती हसली. “बघू. म्हातारी माणसं हितं टिकत न्हाईत, मावशी. दोन म्हयन्यात गावाला पळत्यात. तुमीबी जाल.”

पौर्णिमेला मी महाडला गेले. अष्टशील घेतलेलं, पोटात अन्न नव्हतं, ऊन चढायचं होतं. तळ्याच्या पायऱ्यांवर बसले. किती वर्षं येते आहे, पण त्या सकाळी पाणी नव्यानं दिसलं, हिरवट, स्थिर, चारी बाजूंनी बांधलेलं, मागे सुट्टीत खेळणाऱ्या मुलांचा कलकलाट. समुद्रापुढे हे केवढं. हातभर. आणि या हातभर पाण्यापाशी यायला माणसांना केवढं अंतर तोडावं लागलं. मी हात उलटा करून, तळवा वर असा, मांडीवर ठेवला. त्यात काही दिसलं नाही, रेषा आणि खडूनं कायमची कोरडी पडलेली कातडी. पण मला समजलं की मी गुहागरच्या बाजारात चेहरा शोधत होते, आणि वचन मी चेहऱ्याला दिलेलंच नव्हतं. ते एका ओंजळीला दिलं होतं. ती ओंजळ सतराव्या मजल्यावर माझ्या दारात येऊन बसली होती आणि मी आत पळाले होते.

तेजूला फोन केला. पुण्याला राहते म्हणून सांगितलं. “आई, समुद्र सोडून तू लिफ्टमध्ये राहायला जाणार?” मी म्हटलं, “समुद्राला तहान नाही गं.” “मला आहे ना,” ती म्हणाली. पलीकडे ती नाक पुसते आहे हे मला ऐकू आलं. मग तिचा नर्सचा आवाज परत आला. “गुडघ्यांना पट्टा बांधून बस. घाट लागायच्या आधी गोळी घे. आणि सणावाराला नाही, दर पौर्णिमेला इकडे यायचं. तोही नेम धर.” धरला. बुद्धरत्नला मी एक अर्ज लिहून पाठवला होता, शाळेतल्या अक्षरात, सोसायटीच्या नावानं. सतराव्या मजल्यावर लिफ्टजवळ पिण्याच्या पाण्याचा माठ आणि पेला ठेवण्यास, आणि कामावरच्या माणसांनी तो हातात घेऊन पिण्यास, परवानगी असावी. तो म्हणाला, “आई, कमिटी नाही म्हणेल.” म्हणू देत. नाही म्हणायलासुद्धा त्यांना तो वाचावा लागेल, आणि वाचेपर्यंत माठ तिथे असेल.

रांजण न्यायचा प्रश्नच नव्हता. रस्त्यापलीकडच्या आमिनानं तो आपल्या दारात नेऊन ठेवला. तिचा नवरा कतारला, सासू आंधळी, पण म्हणाली, “बाई, रोजे असले तरी भरून ठेवीन. मग मी नाय प्याले तरी चालंल ना?” चालेल म्हटलं, तुझा नेम माझ्यापेक्षा कडक आहे. कुणी चालत आलं, गुहागरचं, अंगठ्याच्या मुळाशी पांढरा डाग असलेलं, तर तुझ्या घरचा पेला हातात दे, एवढं तिला सांगितलं.

आज पहाटे वंदना केली, मेणबत्ती विझेपर्यंत बसले, दाराला कुलूप लावलं. पोलादपूरच्या स्टँडवर दोन गाड्या उभ्या होत्या. एकीची पाटी गुहागर. तिच्या खिडक्यांतून आत चढणाऱ्या बायका दिसत होत्या, दांडीला धरलेले हात, आणि मी सवयीनं एकेक हात बघितला. सुपारीच्या वाडीतली ती पायरी, पायाखालून सरकणारी वाळू, सगळं त्या पायदानापासून तीन तासांवर. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी वळली, रस्त्याला लागली, बोगद्याच्या दिशेनं गेली. मग मी महाबळेश्वरावरून पुण्याला जाणाऱ्या गाडीत चढले. खिडकीपाशी जागा मिळाली. पिशवी पायाशी, पेला मांडीवर, रिकामा, पुसलेला, सरळ. कंडक्टर तिकीट देताना म्हणाला, “मावशी, आंबेनळीचा घाट आहे, वळणं फार. तोंड सुकलंय तुमचं. पाणी पिऊन घ्या, माझ्याकडे बाटली आहे.”

“नको, बाळा,” मी म्हटलं. “पोचल्यावर.”

त्याला ऐकू गेलं नसावं. गाडी सुरू झाली होती.